खाकी कागदाखालची नावं

पेपर सायक्लोस्टाइल केलेला होता. शाई कुठे फिकी, कुठे पसरलेली. डाव्या बाजूला पन्नास कादंबऱ्यांची नावं आणि प्रत्येकीपुढे टिंबांची एक ओळ. वर लिहिलं होतं, 'खालील कादंबऱ्यांच्या लेखकांची नावे लिहा. वेळ एक तास.' मी पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

मी कादंबऱ्या वाचल्या नव्हत्या असं नाही. त्या खोलीत बसलेल्या सहा उमेदवारांत माझ्याइतक्या कादंबऱ्या कुणी वाचल्या असतील, असं मला आजही वाटत नाही. आमच्या गावच्या वाचनालयात साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त कादंबऱ्या, आणि त्यातली एकही मी सोडली नव्हती. काही तर चार-चार वेळा वाचल्या होत्या. तरीही समोरच्या पन्नासांतल्या माझ्या ओळखीच्या किती आणि अनोळखी किती, हेच मला सांगता येईना. हे कसं झालं ते कळायला आधी आमचं वाचनालय कळायला हवं.

नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, काष्टीपासून सात-आठ मैलांवर आमचं गाव. चावडीला लागून एक खोली, तिला एक खिडकी, आत दोन लाकडी कपाटं. हेच वाचनालय. ते चालवायचे आमचे गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर ते त्यांच्या मूळ गावी गेले नाहीत, आमच्याकडेच राहिले. गावात ब्राह्मणाचं घर त्यांचं एकट्याचंच. पुण्या-नगरला ओळखीच्या लोकांकडे जाऊन ते जुनी पुस्तकं मागून आणत आणि स्वतःच्या हातांनी बांधत. मूळ कव्हर काढून टाकायचं, कडा कापायच्या, पुठ्ठा लावायचा, त्यावर खाकी कापड. पाठीवर पांढरी चिठ्ठी आणि तिच्यावर आकडा. एवढ्यावर ते थांबत नसत. आतलं जे पहिलं पान, ज्याच्यावर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापलेलं असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना ते जाड खाकी कागद खळीनं चिकटवत. पानांच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापलेलं असलं तर कडा कापताना तेही जाई. मग उरे ती फक्त गोष्ट.

त्यामुळे आमच्या गावात पुस्तकांना नावंच नव्हती. होते ते नंबर.

"गुरुजी, एकशेचार हाय का?"

"गेलंय. गिरणीवाल्याकडे आहे."

"मग तसलंच रडायचं दुसरं द्या एखांदं."

"अठ्ठ्याऐंशी ने. पण त्यात शेवटी सगळ्यांचं बरं होतं."

"मग नगं."

असं चाले. एखाद्याच्या घरी भांडण झालं की लोक म्हणत, "त्येंचं बासष्ट नंबर चाललंय," आणि सगळ्यांना कळे. लहानपणी मला यात वावगं काही वाटलं नाही. एकदा मी एक पान उन्हात धरून कागदाखालचं वाचायचा प्रयत्न केला होता. कागद फारच जाड होता. गुरुजींनी पाहिलं आणि म्हणाले, "कागद फाडलास तर तुला पुस्तक बंद." मला पुस्तक बंद होणं परवडणारं नव्हतं. मी पुन्हा कधी त्या पानाच्या वाटेला गेलो नाही.

आमच्या घरात लिहिता-वाचता येणारा मी पहिला. दुपारी बैल सोडून आबा, म्हणजे माझे वडील, बाभळीखाली टेकले की मी त्यांना वाचून दाखवायचो. त्यांचा लाडका नंबर दोनशे सतरा. एका माणसाच्या जोडीतला एक बैल मरतो. उरलेला विकायला तो माणूस चार दिवसांच्या वाटेवरच्या बाजाराला पायी निघतो. बैलाचा खांदा आलेला, म्हणजे जू घासून सुजलेला आणि फुटलेला. वाटभर तो कडब्याची पेंढी बैलावर न लादता स्वतःच्या डोक्यावर घेतो. बाजारात चांगलं गिऱ्हाईक मिळतं. ते खांद्याबद्दल विचारतं आणि हा खरं सांगून टाकतो. सौदा मोडतो. मग दोघे परत घरी. एवढीच गोष्ट, पण अडीचशे पानं. शेवटाकडे आलो की आबा टोपी काढून मांडीवर ठेवायचे.

"खांदा आल्याला बैल जू दिसलं की मान चोरतो," ते म्हणायचे. "हे आसं घरात बसून न्हाई कळत कुनाला. लिवनारा आपल्यातलाच हाय बघ. शेतकरीच हाय. दोन बैलं तरी मेलीत त्याची."

मी मान डोलवायचो. मलाही तसंच वाटे.

पुढे आबांनी मला नगरला कॉलेजला घातलं. त्यांचे आणि गुरुजींचे उपकार माझ्याच्यानं फिटणारे नाहीत. मी बी. ए. झालो, अर्थशास्त्र घेऊन. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांजवळ जाता येत नसे. जाळीच्या खिडकीतून चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर दोन रकाने, पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीशी उभा राहून आतल्या कारकुनाला म्हणालो होतो, "एक कादंबरी आहे, त्यात दोन भाऊ विहिरीवरून..." तो म्हणाला, "नाव?" मी म्हणालो, "नाव माहीत नाही, पण त्यातला धाकटा..." माझ्या मागच्या मुलांना हसू आवरेना. त्यानंतर तीन वर्षं मी चिठ्ठीवर फक्त क्रमिक पुस्तकांची नावं लिहिली. तिथेच मला हे दुखणं कळायला हवं होतं. पण गावी आलो की पुन्हा एकशेचार नि दोनशे सतरा, आणि माझं काही अडत नसे.

पदवी मिळाली आणि पाठोपाठ दुष्काळ आला. विहिरी आटल्या, चारा संपला. आबा, आई आणि मी, तिघंही सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. मुकादमाला मी पदवीधर असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. तो रोज हजेरी घेताना म्हणायचा, "बी. ए. साहेब आले का?" लोक हसत. त्यात वाईट हेतू नव्हता, पण रोज तेच ऐकून मला हातोडा टाकून पळून जावंसं वाटे.

अशात गुरुजींनी एक दिवस वर्तमानपत्राचं कात्रण आणून दिलं. आमच्याच जिल्ह्यातल्या उत्तरेकडच्या, बेलापूरच्या बाजूच्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल हवा होता. पदवीधर असावा, मराठी साहित्याची जाण असावी, लेखी आणि तोंडी परीक्षा होईल. जगात एक नोकरी अशी होती, जिच्यासाठी मी आयुष्यभर तयारी केली होती आणि ती तयारी चालू असल्याचं मला ठाऊकही नव्हतं. आई म्हणाली, "पुस्तकाचीच नोकरी? मग ती तुजीच." आबांनी मुकादमाकडून माझी दोन दिवसांची सुटी मागून घेतली.

एस.टी. नगर ओलांडून उत्तरेला गेली तसा कालव्याचा मुलूख लागला. ऊस उभा होता. पाटाला थोडंफार पाणीही होतं. आमच्याकडे गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि इथे म्हशी पाण्यात बसल्या होत्या. हे सगळं एकाच जिल्ह्यात. मी खिडकीतून बघत मनात पुस्तकांची उजळणी करत होतो. एकशेचार, बासष्ट, दोनशे सतरा. पात्रांची नावं, कोण कुणाला काय म्हणालं, शेवट. सगळं चोख होतं.

आणि मग तो पेपर.

शाळेच्या पुस्तकांतून आणि कॉलेजात कानांवर पडल्यामुळे काही थोर लेखकांची नावं मला येत होती. त्यांच्या जोरावर मी अठरा ओळी भरल्या. त्यातल्या चार-पाच अंदाजानं. बाकीच्यांपुढे रेघ मारली. खोलीत पंखा होता आणि सुरूही होता, तरी माझ्या शर्टाची पाठ भिजली. माझ्या शेजारी बसलेला एक गोरा, चष्मेवाला तरुण न थांबता लिहीत होता. अर्ध्या तासात त्याचा पेपर संपला आणि तो उरलेला वेळ नखं बघत बसला.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. विचारलं, "सगळ्या वाचल्यात तुम्ही?"

"छे हो. वाचायला वेळ कुणाला आहे?" त्यानं खिशातून घडी घातलेले कागद काढले. दोन्ही बाजूंना बारीक अक्षरात याद्या. "मामांनी दिल्या करून. ते मास्तर आहेत. दोनशे कादंबऱ्या, दोनशे लेखक. पंधरा दिवसांत पाठ. तुमच्या किती आल्या?"

"अठरा."

"वाचन कमी पडलं का?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

नळावर जाऊन तोंड धुतलं. नळाला पाणी होतं याचाही मला राग आला.

तोंडी परीक्षेला टेबलामागे दोघेच होते. एक वाचनालयाचे अध्यक्ष, गावातले वकील. दुसरे निवृत्त होणारे जुने ग्रंथपाल, बारीक अंगाचे, काळी टोपी घातलेले. वकीलसाहेबांनी माझा पेपर वरखाली केला आणि म्हणाले, "अर्जात लिहिलंय की वाचनाची अत्यंत आवड आहे."

"हो साहेब."

"पेपरात दिसत नाही ती." ते जुन्या ग्रंथपालांकडे वळले. "विचारा तुम्ही काही."

ग्रंथपालांनी सौम्य आवाजात विचारलं, "तुम्हांला सगळ्यात आवडलेली कादंबरी कोणती?"

आणि मी, एवढं होऊनही, चटकन म्हणालो, "दोनशे सतरा."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "काय?"

"म्हणजे आमच्या गावी तिचा नंबर तो आहे. नाव मला माहीत नाही, साहेब. पण गोष्ट सांगतो." आणि मी सांगायला लागलो. जोडीतला बैल मरतो तिथून. कडब्याची पेंढी, तिसऱ्या मुक्कामावरची म्हातारी, बाजारातलं गिऱ्हाईक. मी थांबेना. मला वाटत होतं, हे ऐकल्यावर तरी त्यांना कळेल. जुने ग्रंथपाल पुढे झुकले होते. बैल जू बघून मान चोरतो, हे मी सांगितलं तेव्हा तेही हळूच म्हणाले, "हां, आणि तो माणूस जू खाली टाकून बैलाच्या मानेला मान लावून उभा राहतो."

"हो!" मी जवळजवळ ओरडलोच.

"नाव काय तिचं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मी जुन्या ग्रंथपालांकडे पाहिलं.

ग्रंथपालांनी नाव सांगितलं. पेपरातलं तिसरं नाव. त्याच्यापुढे मी रेघ मारून आलो होतो.

"आणि लेखक?" वकीलसाहेब माझ्याकडेच बघत होते. ग्रंथपाल काही सांगणार तोच त्यांनी हातानं थांबवलं. "नाही, त्यांना सांगू द्या."

"माहीत नाही, साहेब."

"अहो, उद्या कुणी सभासद येऊन म्हणाला, अमक्याची कादंबरी द्या, तर तुम्ही काय करणार? त्याला गोष्ट सांगत बसणार? आम्हांला ग्रंथपाल हवाय, कीर्तनकार नको." मग थोडं मऊ होऊन म्हणाले, "वाचक म्हणून मात्र जरूर या."

मला उलट बोलायचं होतं. सांगायचं होतं की साहेब, सभासद येऊन असंही म्हणतो की रडायचं दुसरं द्या एखादं. तेव्हा तो यादीवाला काय देणार? पण मी नमस्कार करून उठलो. त्यांचंही चूक नव्हतं, हेच तर सगळ्यात वाईट. पुढे कळलं की जागा त्या चष्मेवाल्याला मिळाली.

गावी उतरलो तो घरी न जाता आधी वाचनालयात गेलो. गुरुजी खिडकीशी एका पुस्तकाला पुठ्ठा चढवत होते. शेजारी खळीची वाटी. माझा चेहरा बघून त्यांनी हातातलं काम थांबवलं.

मी त्यांच्याशी तोपर्यंत कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. पेपर कसा होता ते सांगितलं, मग म्हणालो, "गुरुजी, तुम्ही माझं वाटोळं केलंत. जगात लोक पुस्तकं नावानं ओळखतात. का चिकटवलेत तुम्ही हे कागद? कुणी सांगितलं होतं?"

त्यांनी बोटाची खळ धोतराला पुसली. "तुझ्या गावानं सांगितलं," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. वाचनालय सुरू केलं तेव्हा पुस्तकांना नावं होती. लोक येत, पुस्तक हातात घेत आणि लेखकाचं आडनाव विचारत. आडनाव ऐकलं की निम्मी पुस्तकं परत कपाटात जात. एक म्हणे, गुरुजींनी आपल्याच लोकांची पुस्तकं भरलीत. शेतकऱ्याच्या घरातल्या लेखकाचं दिलं तर दुसरा म्हणे, आपल्यातल्यानं लिवल्यालं काय वाचायचं, ते तर रोजच बघतो. तिसरा म्हणे, असल्या आडनावाचं पुस्तक मी घरात नेत नाही. वर्षभरात वीस पुस्तकंसुद्धा बाहेर गेली नाहीत. "मग मी आडनावंच बुजवली. दुसऱ्या वर्षी कपाटं रिकामी राहायला लागली," गुरुजी म्हणाले.

"लेखकाचं नाव बुजवायचं. पुस्तकाचं कशाला?"

"एकाच पानावर असतात रे दोन्ही. आणि पुस्तकाचं नाव ठेवलं असतं, तर नगरला जाऊन आलेला कुणीतरी लेखक सांगून मोकळा झाला असता."

"मग मला तरी एकट्याला सांगायचं होतं."

"ते माझं चुकलं," असं म्हणून त्यांनी दाखल-वही काढून समोर ठेवली. सगळ्या पुस्तकांची नावं तिच्यात होती, पण वाळवीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाळी केली होती. "मला वाटायचं वही आहे. बघितलं तर ही अशी. आता माझ्याही डोक्यात निम्मी नावं एकमेकांत मिसळलीत."

मी दोनशे सतरा काढलं. पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. "हे सोडवा."

खळीनं चिकटवलेला कागद ओलं फडकं ठेवलं की सुटतो. पण तेव्हा पाणी नदीच्या वाळूत झिरा खणून वाटी-वाटीनं भरावं लागे. हंडाभर पाण्याला अर्धी सकाळ जाई. गुरुजींनी आपल्या तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, त्यात फडक्याचं टोक बुडवून पिळलं आणि पानावर ठेवलं. आम्ही दोघे त्याच्याकडे बघत बसलो. मग त्यांनी नखानं एक कोपरा उचलला आणि कागद हळूहळू मागे घेतला.

वर पुस्तकाचं नाव होतं, जुन्या ग्रंथपालांनी सांगितलेलं. खाली लेखकाचं. म्हणजे लेखिकेचं. बाईचं नाव, शहरातलं वाटावं असं आडनाव.

"हे पुस्तक तुझ्या वडिलांनीच पहिल्या वर्षी परत केलं होतं," गुरुजी म्हणाले. "तुझ्यासाठी न्यायला आले होते. तू दुसरीत असशील. मी नाव सांगितलं तर म्हणाले, बाईमाणसाचं नको, शेती-बैलांचं असलं तर द्या. मग मी त्याला कागद लावला आणि सहा वर्षांनी तुझ्या हातात दिलं."

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. अठराच्या जागी एकोणीस झाले असते, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नगरला एका हायस्कूलच्या ग्रंथालयात पुढच्या वर्षी जागा निघणार, असं कानांवर होतं. मी ठरवलं की या वेळी हे होऊ द्यायचं नाही. रस्त्याच्या कामावरून आलो की रोज उजेड असेपर्यंत वाचनालयात बसायचो. गुरुजी रोज एक वाटी पाणी द्यायचे, त्याहून जास्त द्यायला त्यांच्याकडे नव्हतं. एका वाटीत आठ-दहा पानं सुटत, तीही पुढच्या बाजूनं तेवढी. मागच्या बाजूचा कागद तसाच राहू दिला. मला नावं हवी होती आणि ती पुढेच होती. शंभर पानी वहीत मी नंबर, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव उतरवत गेलो. प्रत्येक पानाला एकच चीड येई. हे पेपरात होतं. हेही होतं. बासष्ट नंबर तर माझ्या कॉलेजपासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या गृहस्थांनी लिहिलेलं निघालं. त्यांच्या दारावरून मी तीन वर्षं जात-येत होतो.

कागद सोडवून पुस्तकं पुन्हा कपाटात गेली आणि महिन्याभरात जे व्हायचं ते झालं. एक चांगला वाचणारा गडी, ज्यानं एकशेचार दोनदा नेलं होतं, तो पहिलं पान बघून पुस्तक ठेवून देत म्हणाला, "आसल्या लोकांचं हाय व्हय हे? ऱ्हाऊ द्या."

"तू वाचलंयस ते. दोनदा," मी म्हणालो.

"तवा काय म्हाईत हुतं?" असं म्हणून तो रिकाम्या हातानं गेला.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नुसती खळीची वाटी माझ्यापुढे सरकवली. मला इतका संताप आला की ती वाटी खिडकीतून फेकावी. पण वहीत माझं काम झालं होतं. पुढचे कितीतरी दिवस मी त्याच पानांना माझ्याच हातानं पुन्हा कागद चिकटवले.

पुढच्या वर्षी नगरची जागा निघाली. वही मला तोंडपाठ होती. झोपेतून उठवून आकडा सांगितला असता तर लेखक सांगितला असता. पेपर हातात आला. कादंबऱ्यांची नावं डावीकडे. उजवीकडे दोन रकाने. पहिला, लेखक. दुसरा, पहिल्या आवृत्तीचं साल.

साल पानाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. आमच्या पुस्तकांतही होतं. वाटीभर पाणी वाचवण्यासाठी मी ती बाजू सोडवली नव्हती.

लेखकांचा रकाना मी पूर्ण भरला. दुसरा सगळा कोरा. दोन्ही रकान्यांना सारखे गुण होते. महिन्यानं पोस्टकार्ड आलं, आपली निवड होऊ शकली नाही. पुढे मी पाटबंधारे खात्यात कारकून झालो आणि नोकरीची सगळी वर्षं तिथेच काढली. खात्यानं मला काही कमी केलं नाही. पण कुठल्याही ग्रंथालयाच्या खिडकीशी उभा राहिलो की मला आजही वाटतं, मी जाळीच्या चुकीच्या बाजूला उभा आहे.

ते पोस्टकार्ड आलं त्या दुपारी आबा बाभळीखाली बसले होते. पाऊस झाला होता, एक बैल नवा घेतला होता. मी कार्ड वाचून दाखवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ह्या टायमाला काय इचारलं हुतं?"

"लेखक आणि साल. लेखक सगळे आले."

"आपलं दोनशे सतरा हुतं का त्यात?"

"होतं."

"मग कुनी लिवलंय ते?"

वर्षभर मी हे त्यांना सांगितलं नव्हतं. वाचनालयाच्या पहिल्या वर्षी त्यांनी काय केलं होतं, तेही बोललो नव्हतो. पण त्या दिवशी माझ्याच्यानं लपवाछपवी होईना. नाव चिकटवून ठेवण्याचाच मला वीट आला होता. मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बाई?"

"बाई."

"शेरातली?"

"आडनावावरून तरी तसंच वाटतं."

ते नव्या बैलाकडे बघत राहिले. बैल मान खाली घालून कडबा खात होता. आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मग इचारलं आसंल तिनं कुनाला तरी," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "पन बरूबर मानसाला इचारलं."